कुत्र्याचं पोट बिघडलंय? आधी वही काढा, मग पेज

वाईत आमची खानावळ आहे. रोजची 60-70 ताटं, बुधवारी आणि रविवारी चिकन-मटण. मागच्या अंगणात दोन कुत्री. बंड्या गावठी, वजन 18 किलो. राणी लॅब्रडॉर, 31 किलो. खानावळ म्हटली की खरकटं आलं, आणि खरकटं आलं की कुत्र्यांचं पोट बिघडणंही आलं. गेल्या 11 वर्षांत उलट्या, जुलाब, रक्ताची शी, सगळं या अंगणात बघून झालंय. बहुतेक वेळा पेज आणि विश्रांती यावर भागलं. दोनदा भागलं नाही. एकदा पिल्लू गेलं, एकदा बंड्या मरता मरता वाचला, आणि दोन्ही वेळी मी घरगुती उपाय करत बसले होते. घरचे उपाय मी आजही करते. पण ते कुठपर्यंत करायचे आणि कुठे थांबून गाडी काढायची, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला ते आधी कळावं म्हणून लिहितेय.

पहिली दहा मिनिटं काही द्यायचं नाही

कुत्र्याने उलटी केली की आपला हात लगेच दहीभाताकडे जातो. तो थांबवा. आधी बघायचं आणि लिहायचं. मी स्वयंपाकघराच्या फडताळात शंभर पानी वही ठेवलीय. त्यात असं असतं: "पहाटे 4.10, उलटी, पिवळं पाणी आणि फेस. 4.40, पातळ शी, भरपूर, रक्त नाही. 5.15, पाणी प्यायला, पोटात राहिलं." बस, एवढंच. पण डॉक्टरांना "कालपासून बरं नाहीये हो" असं सांगण्यापेक्षा या तीन ओळी कितीतरी जास्त सांगतात. पातळ शी झाली असेल तर मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. किळस वाटून घेऊ नका, डॉक्टर तो नक्की बघतात.

काय बघायचं? उलटी करताना पोट आत ओढून, कळा देऊन बाहेर आलं, की मान खाली घालताच जेवण जसंच्या तसं घरंगळून बाहेर पडलं? दोन्हींची कारणं वेगळी असतात. भसाभसा खाणाऱ्या कुत्र्याचं जेवण कधी कधी पोटात पोचायच्या आधीच परत येतं. शीचंही तसंच. एकदम भरपूर, पाण्यासारखी, दिवसातून तीन-चार वेळा होत असेल तर बिघाड बहुधा लहान आतड्यात. थोडी थोडी, शेंबडासारखी आव पडतेय, दर अर्ध्या तासाने बसायला जातोय आणि कुंथतोय, तर मोठ्या आतड्यात. लाल रक्त म्हणजे खालच्या बाजूने आलेलं. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी म्हणजे वर जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त जातंय, आणि ते जास्त काळजीचं.

मग तोंड उघडून हिरडी बघायची. गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. जास्त वेळ लागला, हिरडी फिकट पडली किंवा हाताला चिकट, कोरडी लागली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. आमच्या बंड्याच्या हिरड्या जन्मापासून काळ्या आहेत, बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या असतात. अशा वेळी डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडून बघायची पद्धत आहे, ती लगेच जागेवर बसायला हवी. पण म्हाताऱ्या किंवा हडकलेल्या कुत्र्यात ती फसवते, म्हणून मी हिरडीवर जास्त भरवसा ठेवते.

ताप बघायला साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात इंचभर सरकवायचा, दुसऱ्याने कुत्र्याचं डोकं धरायचं. थर्मामीटरवर लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातल्या माणसांच्या तोंडात तो जाणार नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्याला ज्याला ताप म्हणतात ते त्याचं रोजचं. 103च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन, आणि 99च्या खाली उतरलं तर त्याहून घाईने. नाक गरम आहे, कोरडं आहे, यावरून काहीच ठरत नाही.

हे दिसलं तर पेज चढवू नका, निघा

पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल, किंवा लसी झालेल्या नसतील. प्यायलेलं पाणीही उलटून पडत असेल. शीत किंवा उलटीत रक्त असेल. काही तासांत तीनापेक्षा जास्त उलट्या झाल्या. अंग टाकून पडलाय, हाक मारली तर शेपूट हलत नाही. काही गिळल्याची शंका आहे: हाड, कोय, मक्याच्या कणसाचा बुरकुंडा, मोजा, चिंधी. उंदराचं औषध, शेतातली फवारणी किंवा माणसाची गोळी पोटात गेली असेल. जुलाबासोबत डोळे पिवळे दिसतायत, विशेषतः पावसाळ्यात, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो याच दिवसांत येतो आणि तो आपल्यालाही होतो. कुत्रं म्हातारं आहे, किडनीचं किंवा साखरेचं दुखणं आहे, किंवा कुत्री गाभण आहे. यातलं एकही असलं तर घरी थांबायचं नाही.

दोन गोष्टी वेगळ्या सांगते, कारण त्या पोटाचं साधं दुखणं म्हणून हमखास खपून जातात.

एक, पोट ढोलासारखं फुगलंय, कुत्रं ओकाऱ्या देतंय पण बाहेर काही पडत नाही, नुसती लाळ गळतेय, एका जागी बसत नाही. यात जठर वायूने फुगून पीळ पडलेला असू शकतो. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमॅन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे जास्त होतं. इथे तासांचा हिशोब असतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

दुसरी, कुत्री माजावर येऊन गेल्याला महिना-दोन महिने झालेत, नसबंदी झालेली नाही, आणि ती खूप पाणी पितेय, उलट्या करतेय, खात नाही. पोट बिघडलंय असं वाटतं, पण गर्भाशयात पू झालेला असतो. मागून स्राव दिसेलच असं नाही. आमच्या शेजारच्या कुत्रीला चार दिवस ताक-भात देत होते. ऑपरेशन करून ती वाचली, पण थोडक्यात.

चिंगी

चिंगी अडीच महिन्यांची होती. रस्त्यावरून उचलून आणलेली, लस कुठली नाहीच. एका संध्याकाळी दोनदा उलटी झाली. मला वाटलं, नवीन जागा, नवीन खाणं. दहीभात कालवला, तिने वास घेऊन तोंड फिरवलं. रात्रभर अंगणाच्या कोपऱ्यात गुडीमुडी करून पडली होती. सकाळी रक्ताळलेली पातळ शी, आणि असा एक वास की तो मी आजही अंधारात ओळखीन. दुपारी डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी शीचा नमुना घेऊन किटवर तपासणी केली, दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली. पार्वो. तीन दिवस सलाईन चाललं, चौथ्या दिवशी गेली.

पार्वोवर विषाणू मारणारी सरळ गोळी नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, आतड्यातून रक्तात जंतू शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिक, आणि त्या आधारावर पिल्लाचं शरीर स्वतः झुंजतं. वेळेवर उपचार मिळाले तर बरीच पिल्लं जगतात. चिंगीच्या वाट्याची एक संध्याकाळ आणि एक रात्र मी दहीभातात घालवली. म्हणून पिल्लाच्या बाबतीत माझा नियम साधा आहे: एक उलटी आणि मरगळ, तर त्याच तासाला फोन. पिल्लाला उपाशीही ठेवायचं नाही, त्याची साखर पटकन उतरते.

लस सहा ते आठ आठवड्यांची असताना सुरू करायची आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, तो पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत. एका डोसवर थांबू नका. आणि पार्वो झालेल्या घरात लस न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नका, तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, वर्षभरही. फिनाइलने मरत नाही. धुण्याचं ब्लीच 1 भाग आणि पाणी 30 भाग असं करून फरशी आधी साबणाने धुवायची, मग हे पाणी दहा मिनिटं राहू द्यायचं आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन काढायचं. ब्लीचमध्ये फिनाइल किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी धूर होतो.

घरी काय करायचं

आता साधं प्रकरण. मोठं, लसीकरण झालेलं कुत्रं. एक-दोनदा उलटी किंवा पातळ शी झालीय, पण डोळ्यांत चमक आहे, दार वाजलं की उठून येतंय, पाणी पोटात राहतंय. उकिरड्यावर काहीतरी खाल्लेलं असतं, किंवा पाहुण्यांनी कौतुकाने शंकरपाळी भरवलेली असते. याला औषध नको, पोटाला विश्रांती हवी.

उलट्या झाल्या असतील तर सहा ते बारा तास अन्न बंद. पूर्वी 24 तास उपाशी ठेवायला सांगायचे, आता इतकं लांबवत नाहीत, कारण आतड्याला सावरायलाही थोडं अन्न लागतंच. नुसते जुलाब असतील आणि उलटी नसेल तर उपास न करता थेट हलक्या जेवणावर आणायचं.

पाणी बंद करायचं नाही, पण वाडगं भरूनही ठेवायचं नाही. तहानलेलं कुत्रं घटाघटा पितं आणि सगळं उलटून टाकतं. बंड्याला मी दर 15-20 मिनिटांनी चार-पाच चमचे देते. तासभर टिकलं की अर्धी वाटी. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चाटायला देते, तो त्याला आवडतो. मेडिकलमधली साधी ओआरएसची पुडी आमच्या डॉक्टरबाई चालवून घेतात, पण एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची, अंदाजाने नाही, आणि कुत्रं आपणहून पीत असेल तरच. फळांच्या चवीची गोड पेयं नकोत. "शुगर-फ्री" लिहिलेलं काहीच नको, त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची साखर कोसळते आणि यकृतही जातं. पिचकारीने घशात पाणी ओतू नका. उलटी येणाऱ्या जनावराच्या ते फुफ्फुसात उतरतं.

पेजेला मी इंद्रायणी घेते, तो शिजल्यावर छान चिकट होतो. अर्धी वाटी तांदूळ तीनदा धुऊन, पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर 40 मिनिटं. झाकण अर्धं ठेवायचं, नाहीतर उतू जाते. दाणा बोटाने दाबला की पीठ व्हायला हवं. मीठ नाही, तूप नाही, जिरं नाही. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या मावशी मायेने चमचाभर तूप सोडतात, त्यांना दर वेळी थांबवावं लागतं. तुपा-तेलाने बिघडलेलं पोट आणखी बिघडतं, आणि जास्त स्निग्ध खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. दिवाळीच्या फराळानंतर आणि मटणाच्या चरबीनंतर कुत्री आजारी पडतात ती बहुतेक यामुळेच. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागची बाजू वर, अशा नमस्कारासारख्या अवस्थेत कुत्रं वारंवार उभं राहत असेल तर पोटात जोराची कळ आहे, दवाखाना गाठा.

आधी पेजेची वरची निवळ द्यायची, कोमट. मनगटावर थेंब टाकून बघायचं, बाळाच्या दुधासारखं. दोन-तीन चमचे. दोन तास थांबायचं. उलटी झाली नाही तर थोडा गाळ घालून पुन्हा. तेही राहिलं तर मऊ भात आणि उकडलेलं चिकन, दोनास एक. चिकन छातीचं, कातडी आणि चरबी काढलेलं, साध्या पाण्यात उकडून हाताने पिंजायचं. पिंजताना प्रत्येक धागा बोटांतून जातो, त्यामुळे हाडाची किरच राहत नाही. खानावळीच्या रश्श्यातले तुकडे धुऊन देऊ नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि तो अर्क मांसात मुरलेला असतो, धुतल्याने जात नाही.

प्रमाण सांगते, कारण सगळे इथेच चुकतात आणि "बिचारा उपाशी आहे" म्हणून ताट भरून देतात. 10 किलोच्या कुत्र्याला पूर्ण दिवसाला साधारण 200 ग्रॅम शिजलेला भात आणि 100 ग्रॅम उकडलेलं चिकन पुरतं. पहिल्या दिवशी त्याच्या निम्मं, पाच वेळांत विभागून. म्हणजे एका वेळेला जेमतेम मूठभर. शाकाहारी घरात चिकनऐवजी चांगली गळलेली मुगाची डाळ किंवा घरी कमी स्निग्ध दूध फाडून केलेलं पनीर.

दही उलट्या पूर्ण थांबल्यावरच. ताजं, आंबट नसलेलं, बंड्याला दोन चमचे. दुधापेक्षा दह्यात दुधाची साखर कमी असते म्हणून ते जास्त मानवतं, तरी काही कुत्र्यांना दह्यानेही पातळ होतं. राणीला होतं, तिला मी देतच नाही. दूध तर कुणालाच नाही, हळद घालूनही नाही. लाल भोपळा मात्र गुणी आहे. साल काढून उकडून, कुस्करून एक-दोन चमचे भातात मिसळला की शी बांधून येते. त्यातला तंतू पाणी धरून ठेवतो.

हे जेवण तीन दिवस. शी घट्ट झाली की नेहमीचं खाणं एक चतुर्थांश मिसळायचं, दुसऱ्या दिवशी निम्मं, मग तीन चतुर्थांश. बरं वाटलं म्हणून त्याच संध्याकाळी पूर्ण जेवण वाढलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जायफळ आणि इतर गोष्टी

आमच्या सासूबाईंनी तीन नातवंडं सहाणेवर जायफळ उगाळून वाढवली. राणीला पहिल्यांदा जुलाब झाले तेव्हा त्या सहाण घेऊन बसल्याच होत्या. मी डॉक्टरबाईंना सहज विचारलं आणि त्या फोनवर जवळजवळ ओरडल्या. जायफळात मायरिस्टिसिन असतं. जास्त गेलं तर कुत्र्याच्या छातीचे ठोके वाढतात, अंग थरथरतं, भान जातं. उगाळलेल्या दोन वळशांनी तितकं होत नसेल, पण जे बाळाला चालतं ते कुत्र्याला चालेलच असं नाही. सासूबाईंना ते पटलं. त्यानंतर त्या सहाण न घेता राणीजवळ बसायच्या आणि दर वीस मिनिटांनी चमच्याने पाणी द्यायच्या. तिला त्याचाच खरा उपयोग झाला.

माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी जठराला व्रण पडतात आणि किडनी जाते, पॅरासिटामॉलने यकृत. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड विष किंवा संसर्ग आतच कोंडून ठेवतं, आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांना ते थेट मेंदूवर चढतं. मागच्या आजारपणातली उरलेली मेट्रोनिडॅझोलची पट्टी काढू नका. साध्या जुलाबाला दर वेळी अँटिबायोटिक लागत नाही. विषारी काही खाल्लं म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठानेच जीव जातो. द्राक्षं आणि बेदाणे किडनी निकामी करतात, म्हणून प्रसादाचा शिरा आमच्या अंगणात जात नाही.

कोय

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. रविवारी आमरस होता, रायवळ आंब्यांचा, त्यांच्या कोयी लहान असतात. सोमवारी संध्याकाळी बंड्याने जेवण उलटलं. मी म्हटलं, ऊन बाधलं. थोडं थोडं पाणी, निवळ, सगळं नियमाने केलं. मंगळवारी थोडी पातळ शी झाली आणि मला वाटलं, जुलाबच आहेत, उतरतील. मग शी थांबली. मी वहीत चक्क लिहिलंय, "शी नाही, बरं लक्षण." ते बरं लक्षण नव्हतं. मंगळवारी रात्री पिवळं पाणी उलटलं, बुधवारी पहाटे चमचाभर पाणीही. पोटाला हात लावला तर कण्हला, जो कुत्रा इंजेक्शनला कधी आवाज करत नाही तो.

सुरूर फाटा, खंबाटकीचा बोगदा, आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आठ वाजता. एक्स-रेत कोय स्वतः ठळक दिसली नाही, तिच्या मागे साठलेला वायू आणि फुगलेलं आतडं दिसलं. सोनोग्राफीत जागा सापडली. ऑपरेशन करून कोय काढली. आतडं अजून जिवंत होतं म्हणून नुसतं उघडून शिवता आलं. आणखी उशीर झाला असता तर तेवढा तुकडा कापून काढावा लागला असता. चौदाव्या दिवशी टाके काढले.

यातून मी दोन गोष्टी धरून ठेवल्यात. उलट्या चालू असताना शी एकदम थांबली तर तो अडथळा समजायचा, पोट सावरलं असं नाही. आणि काही गिळल्याची थोडी जरी शंका असली तरी डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण उलटी थांबवणाऱ्या इंजेक्शनने कुत्रं वरून शांत दिसतं आणि आत अडकलेली वस्तू तशीच राहते.

दवाखान्यात

वही, शीचा नमुना आणि लसीचं पुस्तक घेऊन जा. नमुना त्याच दिवसाचा, स्वच्छ झाकणाच्या डबीत. वजन माहीत हवं, औषधाचं माप त्यावरच ठरतं. घरी तुम्ही जे काही दिलंय ते सगळं सांगा, जायफळ दिलं असेल तर तेही. लाज वाटते म्हणून लपवलेली एक गोळी उपचार चुकवू शकते. गोचिडी दिसल्या असतील तर बोला, कारण गोचीड-ताप बऱ्याचदा "खात नाही, मरगळलाय" असाच सुरू होतो. जंताचं औषध कधी दिलं होतं तेही लिहून न्या. पिल्लांना ते सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी लागतं, मोठ्यांना साधारण तीन महिन्यांनी.

विचारायला संकोचू नका. सलाईन कातडीखाली देणार की शिरेतून? शीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायची का? अँटिबायोटिक कशासाठी? आमच्या डॉक्टरबाई बऱ्याचदा प्रोबायोटिक आणि हलकं जेवण एवढंच देतात, आणि अँटिबायोटिक लिहिलं तर कारण सांगतात. लिहिलेला कोर्स मात्र पुरा करायचा.

उद्याचा दवाखाना आजच ठरवून ठेवा. रात्री कोण उघडतं, एक्स-रे कुठे होतो, सलाईनवर ठेवून घेतात का. गावात तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, आणि 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. माझी लेक मुंबईला असते, ती तिच्या कुत्रीला परळच्या बैलघोड्यात, म्हणजे तिथल्या जनावरांच्या मोठ्या इस्पितळात नेते.

आणि मुदत पाळा. उलट्या 24 तासांत थांबल्या नाहीत, जुलाब 48 तासांत उतरले नाहीत, तर कुत्रं कितीही हसरं दिसो, न्यायचं. मधेच वरचं एखादं लक्षण दिसलं तर मुदत तिथेच संपली.

आमच्या अंगणात आता

हाडांसाठी झाकणाचं पिंप आहे, झाकणावर वरवंटा. शिजलेलं हाड एकही बाहेर जात नाही, त्याच्या किरचा होऊन आतड्याला टोचतात. पावसाळ्यात गिऱ्हाइकं भुट्टा खाऊन बुरकुंडा कुंपणापलीकडे टाकायची, तिथे आता मी टोपली ठेवलीय. शी उचलताना हातात पिशवी, नंतर साबण, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. आणि आमरस असेल त्या दिवशी आंबे मोजून पिळायला घ्यायचे, रस झाला की कोयी मोजायच्या. मावशी मोठ्याने मोजतात, मी वहीत लिहिते. या अक्षय्य तृतीयेला 84 आंबे होते. कोयी 83 भरल्या. सगळ्यांनी हातातलं काम सोडून शोधली, तेव्हा ती ओट्याखाली पातेल्यामागे सापडली.